बादलीसाहेब आणि चिमूटभर हळद

साहेब पाहणीला आले की कागद कधी आधी मागायचे नाहीत. आधी विचारायचे, "जिना कुठंय?" मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेली पत्र्याची बादली काढायची, मागे दोन्ही बाजूंना बांधलेले पाण्याचे कॅन सोडायचे, पँटचे पाय दोनदा दुमडायचे आणि सगळं सामान स्वतः उचलून गच्चीवर चढायचं. वर गेल्यावर स्लॅबच्या पार लांबच्या कोपऱ्यात बादली ओतायची आणि कठड्यावरून खाली वाकून ओरडायचं, "आलं का?" पावसाच्या पाण्याचा पाईप जिथं जमिनीत जातो तिथं घरातली बाई उभी असायची. तिनं "आलं" म्हटलं की साहेब खाली येऊन बादली उपडी करायचे, तिच्यावर बसायचे आणि मांडीवर वही ठेवून लिहायला लागायचे. ती "न्हाय आलं" म्हणाली तरी असंच बसून लिहायचे. दोन्ही वेळेला चेहरा तोच.

खाली उभं राहायला पुरुष चालत नसे. एकदा एका घरमालकानं विचारलं, "साहेब, मी बघतो की. बाईमाणसाला कशाला तकलीफ?" साहेब म्हणाले, "घरात पाणी कोण भरतं? तुमी भरता?" मालकानं बायकोला हाक मारली. "मग आलं का न्हाय ते तिलाच इचारनार. तुमाला इचारून काय करू?"

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात आमची, त्यातही माझी, अब्रू फारशी शिल्लक राहत नाही. साहेब आमच्या नगरपालिकेत ओव्हरसियर होते. पालिकेनं ठरवलं होतं की जो आपल्या स्लॅबवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवील आणि अंघोळीचं पाणी उन्हावर तापवील त्याला घरपट्टीत सूट. ही सूट द्यायची की नाही हे घरोघरी जाऊन बघायचं काम साहेबांकडं आलं. त्यांचं नाव कागदावर काय होतं ते बँकेला ठाऊक असेल. गावानं त्यांना बादलीसाहेब म्हटलं आणि ते तेच राहिले.

माझं पाईपचं दुकान. नळ, कॉक, टाक्या, मोटारी, असलं सगळं. सूट म्हटल्याबरोबर आमच्या गावाच्या कानात वारं शिरलं आणि त्यात सगळ्यात आधी माझ्या. मी एक शक्कल काढली. दोन लांब पाईप, वळणाला जोडायचा एक एल्बो, चार क्लॅम्प. वरचं टोक स्लॅबच्या भोकाला जोडायचं, खालचं टोक अंगणात मुरमात वीतभर खुपसायचं आणि वरून माती लोटायची. खाली खड्डा नाही, खडी नाही, वाळू नाही. फोटोत मात्र झकास दिसायचं. दुकानाबाहेर पुठ्ठ्यावर मी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सवलत सेट मिळेल.' सेट हातोहात जायचे. मला वाटायचं, सूट पाईपला आहे. पाणी बिचारं कुठंही जाईना का.

गंमत म्हणजे पाण्यासाठी जीव सगळ्यांत जास्त माझ्याच घरचा जात होता. आमच्या अंगणातला बोअर दरवर्षी संक्रांतीला आटायचा. मग टँकर. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि तिथून घागरी वाहायच्या त्या आमच्या सौभाग्यवतींनी, शांतानं. मी दुकानात. बार्शीच्या डॉक्टरांनी तिला कमरेचा पट्टा दिला होता आणि वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं. पट्टा बांधून ती घागरी उचलायची. पुण्याचा मुलगा फोनवर रोज एकच म्हणायचा, "अप्पा, घर विका अन् इकडं या. आईची कंबर जाईल." शांता फोन हातात घ्यायची आणि म्हणायची, "घर काय बी विकायचं न्हाय. मी इथंच राहनार." पण सूट निघाली त्या उन्हाळ्यात तिनं हेही म्हणणं सोडलं होतं. नुसतं ऐकून घ्यायची. ती थकलीय, हे तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सवलतीचा अर्ज गावात पहिला माझा. दुकानदारानं स्वतः लावलेला सेट बघून गिऱ्हाईक वाढेल असा हिशोब. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेब आले. सडपातळ, काळेसावळे, खिशाला दोन पेनं, पायात रबरी चप्पल. चहा पुढं केला तर हात आडवा. "पाहनीच्या घरी घेत नसतो." पाणी दिलं, तेही नाही. छापील अर्जावर अजून जिल्ह्याचं जुनं नाव होतं, ते त्यांनी सरळ रेघ मारून खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात 'धाराशिव' लिहिलं. मग जिना विचारला. मला वाटलं, फोटो काढतील आणि जातील. त्यांनी तर बादली काढली.

शांता टँकरच्या घागरी मोजत दारात उभी होती. बादलीभर पाणी गच्चीवर निघालेलं बघून तिचा पारा चढला. "अवो, पानी वतताव व्हय? हितं प्यायला न्हाय!" साहेब जिन्यातूनच म्हणाले, "अक्का, हे हापिसामागच्या आडाचं हाय, खारं. तुमचं न्हाय वतत. तुमी तेवढं पाईपापाशी थांबा, अन् आत जाताना पानी दिसलं तर आलं म्हना."

तेवढ्यात मी शांताला डोळ्यांनी खुणावलं. खूण कसली, भुवया पार कपाळात नेल्या. अर्थ स्पष्ट होता: काहीही होवो, आलं म्हण.

वर बादली उपडी झाली. साहेबांचा आवाज आला, "आलं का?"

पाणी आलं होतं. पाईपातून खाली गेलं, वीतभर मुरमात अडलं आणि उलटून बाहेर आलं. शांताच्या पायावरून वाहत ओसरीच्या पायरीपर्यंत गेलं. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ओल्या पायांकडं. मग कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवून वर तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "न्हाय आलं, साहेब. जिमिनीत न्हाय गेलं. माझ्या पायावर आलं."

साहेब खाली आले, बादलीवर बसले आणि वहीत लिहून त्यांनी ते वाचून दाखवलं: "कुटुंबातील महिलेचे म्हणणे : माझ्या पायावर आलं. पाहणी नापास." मग वही मिटून माझ्याकडं बघत म्हणाले, "अप्पा, सूट घरपट्टीला हाय. तहानेला सूट नसती."

नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन दिवस मी बायकोशी बोललो नाही आणि दोन महिने साहेबांविषयी चांगलं बोललो नाही. दुकानात येईल त्याला सांगायचो, हा माणूस गावाचं वाटोळं करणार, माणूसघाणा आहे, चहा घेत नाही म्हणजे काहीतरी मोठं घेत असणार. लोकही माना डोलवायचे, कारण त्यांच्याही अंगणात माझेच सेट होते. खाई त्याला खवखवे.

आमच्यात एक गुत्तेदार होता, बांधकामाचे ठेके घेणारा, दुमजली घरवाला, भारी डोकेबाज. त्यानं पाहणीच्या दिवशी भिंतीआड एक मजूर बसवला. साहेबांनी वर बादली ओतली की यानं खाली भरलेली कळशी हळूच खड्ड्यात ओतायची. गुत्तेदाराची बायको "आलं" म्हणाली. खरंच पाणी आलं होतं, ती तरी काय करणार. साहेब खाली आले. वाकून त्यांनी खड्ड्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "हे तर गोड हाय," ते शांतपणे म्हणाले. "मी खारं वतलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून हळद सुरू झाली. पहिली बादली साधी, कारण वाळलेला स्लॅब आधी आपली तहान भागवतो आणि खाली कमीच येऊ देतो. दुसऱ्या बादलीत चिमूटभर हळद. तीही घरच्या बाईनं आपल्या डब्यातून आपल्या हातानं टाकायची. मग खाली नुसतं आलं म्हणून भागायचं नाही, "पिवळं आलं" म्हणावं लागायचं. साहेबांनी हे चोरी पकडायला काढलं होतं, पण बायकांनी त्याचं वेगळंच करून टाकलं. घरात हळद पडायची म्हणजे काहीतरी चांगलं घडतंय असा आमच्याकडचा रिवाज. पाहणीच्या दिवशी बायका अंगण सारवायच्या, पाईपाला कुंकवाचं बोट लावायच्या, शेजारणींना बोलवायच्या. "पिवळं आलं" असा पुकारा गल्लीत ऐकू आला की लोक म्हणायचे, चला, अमक्याचं घर पास झालं.

सोलरची त्यांची पाहणीही अशीच. दुपारी गेलं की कुणाचंही पाणी कडक असतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते थंडीत दिवस उजाडता उजाडता जायचे, नळ सोडायला सांगायचे आणि धारेखाली कोपर धरायचे. लहान लेकराच्या अंघोळीचं पाणी बघावं तसं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी गच्चीवर भावकीतून नुसता सांगाडा आणून उभा केला होता, टाकी रिकामी. साहेबांची गाडी वाजली तशी गुरुजींनी मोरीतल्या बंबाचं पाणी घाईनं बादलीत काढून ठेवलं. साहेबांनी कोपर बुडवलं, मग पाणी हुंगलं. "गुरुजी, सूर्याला धुराचा वास कवापास्नं याया लागला?" गुरुजी ती गोष्ट स्वतःच गावभर सांगायचे. पुढच्या वर्षी त्यांनी खरा सोलर बसवला आणि साहेबांना नमस्कार करायला कचेरीत गेले.

आता माझ्या घराचं सांगतो.

नापास झाल्यानंतर एका रविवारी मी दुकानातून दुपारी जेवायला आलो. अंगणात बोअरजवळ शांता गुडघाभर खड्ड्यात उभी, हातात टिकाव. कमरेला पट्टा. आणि खड्ड्याच्या काठावर उपड्या बादलीवर बसून साहेब तिला सांगत होते, "बास अक्का, आता तुमी वर या. खालचं गड्याला करू द्या." सुट्टीचा दिवस, पगाराचं काम नाही. येऊन त्यांनी चुन्यानं खड्ड्याची आखणी करून दिली होती. खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर कोळसा, मग वाळू, आणि गाळून झालेलं पाणी बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे तोंडाच्या पाईपात, कसं सोडायचं, हे सगळं त्यांनी वहीच्या पानावर काढून पान फाडून तिच्या हातात दिलं होतं. मला बघून उठले, बादली उचलली आणि निघाले.

मी शांताला म्हणालो, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुमी भुवया वर केल्या असत्या," ती म्हणाली.

बायको खड्ड्यात आणि पाईपवाला नवरा काठावर. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी शर्ट काढला आणि टिकाव घेतला. उरलेला खड्डा मी आणि एका गड्यानं मिळून दोन दिवसांत काढला. दुकानाबाहेरचा पुठ्ठा त्याच संध्याकाळी चुलीत गेला. दुसऱ्या पाहणीला शांतानं हळद टाकली, जरा जास्तच टाकली, आणि "पिवळं आलं" अशी ओरडली की पलीकडच्या गल्लीतून माणसं आली. साहेबांनी लिहिलं, सही केली, चहा घेतला नाही, गेले.

पाणी काही जादूनं आलं नाही. पहिल्या वर्षी बोअर संक्रांतीऐवजी होळीपर्यंत टिकला. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, अक्षय्य तृतीया ओलांडली. त्याच्या पुढच्या वर्षी मृग निघाला तरी मोटार पाणी देत होती आणि टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन गेला ते आम्हाला कळलंही नाही. मुलाचा फोन आला. "अप्पा, घराचं काय ठरवलं?" शांतानं फोन हिसकून घेतला. "ठरवायचं काय त्यात? सुट्टीला या. अंघोळीला दोन दोन बादल्या देते." कमरेचा पट्टा तिनं पेटीत ठेवून दिला. घरपट्टीत सूट मिळाली तिचं काय झालं ते मला आठवतही नाही. आमचं घर आमच्याकडं राहिलं, ते त्या माणसामुळं. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण त्यांना तोंडावर मी कधी धड सांगितलं नाही.

दुसऱ्यांची घरं पास-नापास करणारा हा माणूस स्वतः एसटी स्टँडमागे एका पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायचा. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, बहुतेक दिवस ईटला, भूम तालुक्यातल्या त्यांच्या गावी. तिथं थोडी कोरडवाहू जमीन, म्हातारे आईवडील. घरी पाणी नव्हतं. वेशीबाहेरच्या विहिरीवरून वहिनींनी सबंध संसार डोक्यावर वाहिला. साहेब एकदा दुकानात फ्लश कॉक बघायला आले असताना मी विचारलं, "साहेब, तुमचं घर कधी?" ते कॉक फिरवत म्हणाले, "रिटायर झालो की. दोन खोल्या, पन स्लॅबवरचा थेंब न् थेंब जिमिनीत. अन् मंडळीनं नुसतं अंगनातल्या अंगनात पानी भरायचं. तिचं एकदा पिवळं आलं ऐकलं की झालं. माझं काय दुसरं राहिलं न्हाय."

निवृत्त झाले त्या दिवशी पालिकेत हार, नारळ, भाषणं झाली. बादली पालिकेची होती, ती त्यांनी स्टोअरला जमा केली आणि पोच घेतली. मग मोकळ्या हातानं चालत माझ्या दुकानात आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "अप्पा, आता चहा पाजा." दोन कप घेतले. एवढ्या वर्षांत त्यांना घोट घेताना मी पहिल्यांदा पाहिलं. बशीत ओतून, फुंकर मारत, डोळे मिटून पीत होते. मी आतून एक नवी पत्र्याची बादली आणून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी तिच्या बुडावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "बसायला बी मजबूत हाय." एवढंच.

दीडेक वर्षानं फोन आला. "अप्पा, घर झालं. पाहनीला या."

"साहेब, तिथं सूट आहे का ग्रामपंचायतीकडं?"

"सूट कुनाला पायजेल? पाहनी पायजेल. माझे गुडघे गेले, जिना चढवत न्हाय. तुमी वता, मी खाली बसतो."

गेलो. परंड्याकडून ईटला जाईपर्यंत मला उगाच धाकधूक होत होती. परीक्षकाचाच पेपर तपासायचा म्हणजे थट्टा नाही. घर खरोखर दोन खोल्यांचं होतं, दारात कडुनिंब, मागे खड्डा, त्याच्या शेजारी नवा बोअर. गावभरच्या गच्च्यांवर पाण्याचे कॅन चढवून त्यांचे गुडघे झिजले होते. काठी टेकत ते खड्ड्याजवळ खुर्चीवर येऊन बसले, वहिनी पाईपापाशी उभ्या राहिल्या. वहिनी म्हणजे ठेंगणी, शांत बाई, डोईवरचा पदर सरकू न देणारी. हळद त्यांनी टाकली. मी दोन्ही बादल्या रीतीप्रमाणं ओतल्या आणि वाकून ओरडलो, "आलं का?"

खालून काही नाही. पुन्हा ओरडलो. वहिनींनी एकदा नवऱ्याकडं बघितलं. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं. साहेबांनी काठी आपटली. "माझ्याकडं काय बघती? पाईपाकडं बघ, अन् सांग."

"न्हाय आलं," वहिनी हळूच म्हणाल्या.

आणि साहेब हसायला लागले. काठी बाजूला पडली, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतच होते. "घ्या! जन्मभर दुसऱ्याचं बघितलं, आपल्या गवंड्याकडं बघायला इसरलो!" मी खाली येऊन म्हणालो, "साहेब, एल्बोत काहीतरी अडकलंय, आत्ता काढतो, दहा मिनिटांचं काम." ते एकदम गंभीर झाले. "आधी लिहा. वही त्या कोनाड्यात हाय. बादलीवर बसा अन् लिहा."

"अहो, आपलंच घर..."

"लिहा."

मी बादली उपडी करून बसलो आणि लिहिलं: महिलेचे म्हणणे, न्हाय आलं. पाहणी नापास. त्यांनी वही घेऊन अक्षर बघितलं आणि समाधानानं मान हलवली. "दुरुस्त करून घेतो. दिवाळी झाली की पुन्यांदा या. तवा चहाबी न्हाय अन् गप्पाबी न्हाय, निस्ती पाहनी."

दिवाळीला आठ दिवस असताना ते गेले. सकाळी कडुनिंबाखाली बसले होते, तिथंच. शांता आणि मी मातीला गेलो. आमच्या गावातून तीन जीपगाड्या भरून आल्या होत्या आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. आमच्याकडं मातीला बायका एवढ्या लांबून जात नाहीत. गुत्तेदाराची बायको रडत होती. गुरुजी खाली मान घालून कोपऱ्यात उभे होते.

त्यांच्या दिवसकार्याला पुन्हा गेलो. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात वहिनी दारात आल्या. त्यांच्या हातात ती बादली होती.

"अप्पा, पाहनी राहिलीया."

मी म्हणालो, "वहिनी, आज नको. पुन्हा येईन."

"त्यांनी गवंड्याला बोलवून एल्बो काढला होता. आत सिमिटाच्या पोत्याचा कागद सापडला. बसवून घेतला, पर बघायचं राहिलं." त्यांनी बादली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "नापासच ठिवून गेल्यात. आसं बरं दिसत न्हाय."

मी पँटचे पाय दुमडले. पहिली बादली ओतून आलो, दुसरी भरली. हळदीची वेळ आली तशी साहेबांची थोरली बहीण घाईनं पुढं झाली. "थांब तू. हळद म्या टाकते." का म्हणाली ते सगळ्यांना कळलं. वहिनींचं कपाळ मोकळं होतं. मग त्यांनी नणंदेच्या हातातला डबा घेतला, रागानं नाही, अगदी सहज, आणि म्हणाल्या, "ह्या घरचं पानी म्या भरनार हाय, आक्का. हळद मीच टाकनार." त्यांनी चिमूट सोडली. पाणी पिवळं झालं.

गच्चीवर गेलो. लांबच्या कोपऱ्यात बादली रिकामी केली. कठड्यावरून वाकलो. ते दोन शब्द साहेबांचे. ते माझे नव्हतेच. तरी ओरडलो, "आलं का?"

खाली वहिनी पाईपापाशी वाकून बसल्या होत्या. माझ्या मनात आलं, देवा, आज तरी नको. आणि मग ऐकू आलं.

"आलं."

मग जरा मोठ्यानं, कधी नव्हे इतक्या मोठ्यानं, पदर खांद्यावर पडला तरी न सावरता, "पिवळं आलं, अप्पा! लई पिवळं आलं!"

खाली येऊन मी बादली उपडी केली आणि बसलो. कोनाड्यातली वही कुणीतरी आणून दिली. तेच पान उघडलं. माझ्याच अक्षरातल्या 'नापास'च्या खाली मी वहिनींचे शब्द जसेच्या तसे लिहिले, आणि त्याखाली 'पास'. सही केली. वहिनींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मग त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. कप माझ्यापुढं धरला.

माझा हात आपोआप आडवा झाला. म्हणालो, "नको वहिनी. पाहणीच्या घरी घेत नसतात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. डोळे पुसत पुसत हसल्या. मी मोटारसायकल काढली आणि पाण्याचा घोटही न घेता ईटहून निघालो.